स्वेन राजाचं देवदूताचं नाणं कसं वाचावं

नाणी वाचायला शिकायचं तर एकच नाणं निवडावं आणि त्याचा पिच्छा पुरवावा, असं माझं ठाम मत आहे. शंभर नाण्यांची नावं पाठ करण्यापेक्षा एका नाण्याला चहूबाजूंनी प्रश्न विचारले की जास्त हाती लागतं. या लेखात मी त्यासाठी अकराव्या शतकातलं एक डॅनिश नाणं घेतलं आहे. ते चांदीचं आहे, लुंडच्या टाकसाळीत राजा स्वेन एस्त्रिदसनच्या नावाने पाडलेलं आहे. त्यावर राजा आणि देवदूत शेजारीशेजारी उभे आहेत. हे नाणं सहज दृष्टीस पडत नाही. चांगल्या अवस्थेतलं एखादं लिलावात आलं तर संग्राहकांमध्ये चर्चा होते. त्या इवल्याशा चांदीच्या तुकड्यात तीन राजांचं वीस वर्षांचं भांडण, कॉन्स्टँटिनोपलचं सोनं आणि आईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका राजाचा सिंहासनावरचा दावा सामावला आहे.

एक नियम सुरुवातीपासून पाळा. आधी नाणं बघायचं, मग गोष्ट ऐकायची. उलट केलं तर डोळ्यांना तेच दिसायला लागतं, जे कानांनी आधी ऐकलेलं असतं.

पहिली पायरी: मोजमाप

साधं भिंग, शंभरांश ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि बाजूने पडणारा प्रकाश, एवढं पुरे. भिंग दहापट मोठं दाखवणारं असावं. नाणं नेहमी काठाला धरायचं, सपाट भागावर बोट टेकवायचं नाही. काळवंडलेली चांदी घासून उजळ करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळायचा. दागिना उजळला की शोभतो. नाणं घासलं की त्याचा पुरावाच पुसला जातो.

या काळातला डॅनिश पेनिंग, म्हणजे तेव्हाचं चांदीचं छोटं नाणं, साधारण अंगठ्याच्या नखाएवढा असतो आणि त्याचं वजन एक ग्रॅमच्या आसपास भरतं. पत्रा इतका पातळ की जपून धरला नाही तर वाकतो. नाणं हाताने पाडलेलं असतं. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात रोवलेला, त्यावर चांदीची चकती, चकतीवर वरचा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव. त्यामुळे चित्र मध्यावर नसणं, एका बाजूची अक्षरं काठाबाहेर जाणं, एखादा भाग पुसट उठणं यांत काहीच संशयास्पद नाही. उलट हातघडणीच्या नाण्यात सगळं काटेकोर मध्यावर आणि एकसारखं खोल उठलेलं दिसलं, तर मी दोनदा बघेन.

आता पृष्ठभागावर बारीक टोचे आहेत का ते शोधा. वायकिंग काळात चांदी वजनावर घेतली जाई, आणि ती खरी आहे का हे पाहायला सुरीचं टोक टोचत किंवा नाणं वाकवून बघत. पुढे डेन्मार्कच्या राजांनी आपल्या राज्यात आपलंच नाणं चालवायचा आग्रह धरला. तेव्हा लोक नाणी तोलण्याऐवजी मोजून घेऊ लागले आणि टोचे कमी झाले. म्हणून खूप टोचलेलं नाणं दिसलं तर ते वजनावर चालणाऱ्या बाजारातून फिरून आलं असावं, अशी नोंद करा. भोक किंवा काठाला डाग दिलेली कडी दिसली तर ते कधीतरी कोणाच्या गळ्यात होतं.

दुसरी पायरी: काठावरची अक्षरं

अक्षरं वाचताना नवख्याचा धीर सुटतो. एका बाजूला राजाचं नाव असतं, पुढे लॅटिनमधला 'रेक्स' म्हणजे राजा, आणि जागा उरली तर 'डेन लोकांचा' या शब्दाची सुरुवातीची अक्षरं. दुसऱ्या बाजूला नाणं पाडणाऱ्या कारागिराचं नाव आणि टाकसाळीचं गाव. या दोहोंमध्ये बऱ्याचदा 'ऑन' हा शब्द येतो. तो इंग्लंडमधून आला आहे. डेन्मार्कला राजाच्या नावाची नाणी पाडायला शिकवलं तेच मुळी इंग्लिश कारागिरांनी. आपल्या स्वेनचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, राजा स्वेन फोर्कबिअर्ड यांनी इसवी सन ९९५च्या सुमारास स्वतःच्या नावाचं पहिलं डॅनिश नाणं काढलं. त्यावर कारागिराचं नाव आहे गॉडविन, आणि ते अस्सल इंग्लिश नाव आहे.

वाचायला सुरुवात करायची ती वरच्या बाजूच्या छोट्या क्रुसापासून. तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक अक्षर कागदावर उतरवा. कळलं नाही तिथे टिंब द्या, अंदाजाने भरू नका. 'यू'च्या जागी 'व्ही' येतो. 'एस' कधी उलटा येतो, कधी आडवा पडतो. ठसा कोरणाऱ्याला अक्षरओळख बेताचीच असेल तर शब्दांऐवजी नुसत्या उभ्या रेघा मिळतात. अशा वेळी हार मानायची गरज नाही, कारण गावाचं नाव चार-पाच अक्षरांचंच असतं आणि त्यातली दोन जरी जुळली तरी टाकसाळ ओळखता येते.

स्वेनच्या राजवटीच्या उत्तरार्धात, साधारण १०६५ ते १०७५च्या दरम्यान, लुंडच्या टाकसाळीने लॅटिन अक्षरं सोडून रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत कारागिरांची नावं कोरली. सरळ रेघांची ती लिपी दिसली की नाण्याचा काळ एकदम आटोक्यात येतो. नाण्यावर साल छापायची पद्धत तेव्हा नव्हती, त्यामुळे अशा खुणांवरच काळ ठरतो.

लुंड आज स्वीडनमध्ये आहे. मध्ययुगात मात्र तो सगळा स्कोने प्रांत डेन्मार्कचा होता, १६५८च्या रोस्किल्डच्या तहाने तो स्वीडनकडे गेला. सूचीत 'डॅनिश नाणं, टाकसाळ लुंड' असं वाचून चूक झाली असं समजू नका.

तिसरी पायरी: माणसं आणि त्यांची नाती

कागदावर एक वंशवेल काढा. तीन राजांच्या या भांडणाला मराठी नातेशब्दांनी फार सोपं करून टाकलं आहे.

कनूट द ग्रेट हा इंग्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे या तिन्हींचा राजा १०३५मध्ये वारला. डेन्मार्क त्याच्या मुलाकडे, हार्थाकनूटकडे गेलं. नॉर्वेत त्याच सुमारास पूर्वीचा राजा संत ओलाफ याचा मुलगा मॅग्नस गादीवर आला, तेव्हा तो पोरगाच होता. दोघांची सैन्यं समोरासमोर आली, पण लढाईऐवजी करार झाला: जो आधी निपुत्रिक मरेल त्याचं राज्य दुसऱ्याने घ्यायचं. ८ जून १०४२ रोजी लंडनजवळ लँबेथला एका लग्नाच्या मेजवानीत हार्थाकनूट पेला हातात असतानाच कोसळला आणि वारला. त्याला मूलबाळ नव्हतं. कराराप्रमाणे डेन्मार्क मॅग्नसचं झालं.

आता आपला स्वेन. त्याची आई एस्त्रिद ही कनूटची बहीण. म्हणजे स्वेन कनूटचा भाचा आणि हार्थाकनूटचा आतेभाऊ. वडील उल्फ हे जार्ल, म्हणजे राजाच्या हाताखालचे मोठे सरदार होते, पण राजवंशातले नव्हते. शिवाय कनूटच्याच हुकमाने रोस्किल्डला त्यांचा खून झाला, असं जुन्या कथा सांगतात. गादीवरचा स्वेनचा सगळा हक्क आईकडून आलेला होता. म्हणूनच तो बापाच्या नावाने ओळखला न जाता आईच्या नावाने एस्त्रिदसन म्हणून ओळखला जातो. मॅग्नसकडे करार होता, स्वेनकडे आईचं रक्त होतं.

मॅग्नसने स्वेनला जार्ल नेमून डेन्मार्क सांभाळायला दिलं. स्वेनने पवित्र अवशेषांवर हात ठेवून शपथ घेतली. मॅग्नसचा म्हातारा सल्लागार आयनार तिथेच म्हणाला, की हा जार्ल जरा जास्तच मोठा आहे. त्याचं म्हणणं खरं ठरलं. लवकरच विबोर्गच्या सभेत स्वेनने स्वतःला राजा म्हणवून घेतलं आणि लढाया सुरू झाल्या. रणांगणात मॅग्नस भारी पडत होता. सप्टेंबर १०४३मध्ये हेडेबी या व्यापारी गावाजवळ ल्यूर्सकोवच्या माळावर त्याने वेंड, म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरच्या स्लाव्ह लोकांचा असा पराभव केला की डेन लोकही त्याचे झाले. स्वेन दरवेळी हरायचा, स्वीडनला पळायचा, परत यायचा.

अशा वेळी तिसरा माणूस आला तो हाराल्ड, पुढे 'हार्डराडा' म्हणून गाजलेला. संत ओलाफचा सावत्र भाऊ, म्हणजे मॅग्नसचा काका. दहा वर्षं कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाच्या पदरी योद्धा म्हणून चाकरी करून, कीव्हचा राजा यारोस्लाव याची मुलगी एलिझाबेथशी लग्न करून तो १०४५च्या सुमारास उत्तरेत परतला. सोबत होती अमाप संपत्ती. त्याने आधी स्वेनशी हातमिळवणी केली आणि दोघांनी मिळून डेन्मार्कचे किनारे लुटले. ही दोस्ती कशी तुटली याची एक फार रंगतदार कथा आहे. एका रात्री हाराल्डने आपल्या बिछान्यात लाकडाचा ओंडका पांघरूण घालून ठेवला आणि स्वतः दुसरीकडे झोपला. पहाटे त्या ओंडक्यात कुऱ्हाड रुतलेली सापडली. हाराल्डने ती आपल्या लोकांना दाखवून स्वेनवर आळ घेतला आणि पुतण्याकडे निघून गेला.

मॅग्नसने काकाला अर्धं नॉर्वे दिलं, काकाने पुतण्याला अर्धं सोनं. सोनं वाटायचा तो प्रसंग कथाकाराने मोठ्या चवीने सांगितला आहे. जमिनीवर बैलाचं कातडं अंथरून त्यावर हाराल्डचं सोनं ओतलं. त्यात माणसाच्या डोक्याएवढा सोन्याचा गोळा निघाला. हाराल्डने विचारलं, याला जोड म्हणून तुझं सोनं कुठे आहे? मॅग्नसने हातातलं वळं काढून पुढे केलं आणि सांगितलं की एवढंच उरलं आहे, बाकी सगळं लढायांत गेलं.

२५ ऑक्टोबर १०४७ रोजी मॅग्नस डेन्मार्कमध्येच वारला. नॉर्वे हाराल्डकडे, डेन्मार्क स्वेनकडे. पण हाराल्डला डेन्मार्कही हवं होतं. सतरा वर्षं तो जवळपास दर उन्हाळ्यात जहाजं घेऊन यायचा. १०५०च्या सुमारास त्याने हेडेबीची बाजारपेठ जाळली. ९ ऑगस्ट १०६२ रोजी निसा नदीच्या मुखाशी रात्रभर आरमारी लढाई झाली. स्वेनचं आरमार फुटलं, तो स्वतः जेमतेम निसटला, तरीही राज्य गेलं नाही. १०६४मध्ये तह झाला आणि ज्याचं त्याच्याकडे राहिलं. दोन वर्षांनी हाराल्ड इंग्लंडमध्ये स्टॅम्फर्ड ब्रिजला पडला. स्वेन मात्र राज्य करतच राहिला, आणि पुढे त्याचे पाच मुलगे एकापाठोपाठ एक डेन्मार्कच्या गादीवर आले. इतक्या लढाया हरूनही टिकलेला राजा मला जिंकलेल्या हाराल्डपेक्षा जास्त समजून घ्यावासा वाटतो.

चौथी पायरी: चित्र कुठून आलं

एवढं झाल्यावर पुन्हा नाणं हातात घ्या. कनूटच्या काळापासून डॅनिश नाण्यांवर इंग्लिश धर्तीची चित्रं चालत आली होती, म्हणजे राजाचा अर्धपुतळा, क्रूस वगैरे. आणि इथे अचानक दोन उभ्या आकृती. एकाला पंख आहेत. दोघांच्या मध्ये उंच दंड आहे, त्याला ध्वज आहे. लुंडच्या याच काळातल्या इतर काही नाण्यांवर सिंहासनावर बसलेला ख्रिस्त दिसतो. ही सगळी मांडणी बायझंटाईन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्यातली आहे.

देवदूताच्या चित्राचं मूळही सापडतं. सम्राट मिखाएल चौथा याने १०३४ ते १०४१ राज्य केलं. त्याच्या एका दुर्मीळ सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला ख्रिस्त आहे आणि दुसऱ्या बाजूला सम्राट आणि देवदूत मिखाएल उभे आहेत, मध्ये राजध्वज. हे नाणं ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहराच्या टाकसाळीचं मानलं जातं. १०४०-४१मध्ये बल्गेरियातलं बंड मोडण्यासाठी सम्राटाची मोहीम याच भागात चालली होती. त्या मोहिमेत हाराल्ड हजर होता, आणि हे आपल्याला उत्तरेकडच्या कथांनी सांगितलेलं नाही. केकाउमेनोस नावाचा बायझंटाईन लेखक स्वतः त्या मोहिमेत होता. त्याने आपल्या ग्रंथात 'अराल्टेस' हा पाचशे शूर माणसं घेऊन आलेला राजपुत्र आणि त्याला मिळालेले मानाचे हुद्दे नोंदवून ठेवले आहेत.

धागा असा जुळतो: सम्राट थेसालोनिकीला, त्याची नाणी तिथली, पगार घेणारा हाराल्ड तिथला, आणि तोच हाराल्ड चार-पाच वर्षांनी सोनं घेऊन स्वेनच्या छावणीत. ब्रिटिश नाणकशास्त्रज्ञ फिलिप ग्रिअर्सन यांनी १९६६मध्ये हा धागा नीट विणून मांडला. मला ही मांडणी पटते. पण नवख्याने एक फरक ओळखायला हवा. चित्र बायझंटाईन आहे, हे दोन नाणी शेजारी ठेवून डोळ्यांनी दिसतं. ते हाराल्डच्याच थैलीतून आलं, हे अनुमान आहे. सम्राटाच्या पदरी उत्तरेकडचे आणखीही योद्धे होते, आणि कीव्हमार्गे व्यापारही चालायचा. वहीत दोन स्वतंत्र रकाने ठेवा, 'दिसतं' आणि 'वाटतं'.

मग स्वेनने हेच चित्र का उचललं असेल? माझं वाचन असं. मॅग्नसचा बाप संत होता. नॉर्वेच्या राजघराण्याला स्वर्गातला वशिला घरातूनच मिळालेला होता. स्वेनकडे करार नव्हता, वडिलांकडून आलेला वंश नव्हता, लढाईत यश नव्हतं. अशा राजाच्या नाण्यावर देवदूत शेजारी उभा राहून ध्वजाचा दंड त्याच्याबरोबर धरतो. बाजारात मासे घेणाऱ्या माणसाला काठावरची अक्षरं वाचता येत नसतील, पण हे चित्र त्याला कळत होतं: या राजाला राज्य देवाकडून मिळालं आहे. हेही 'वाटतं'च्या रकान्यातच जाईल, पण त्याला नाण्याचा आधार आहे.

पाचवी पायरी: शत्रूचं नाणं शेजारी ठेवा

एकटं नाणं अर्धंच बोलतं. स्वेनच्या नाण्याजवळ निदान चित्राच्या रूपात तरी हाराल्डचं नॉर्वेतलं नाणं ठेवा. त्याच्यावर एकमेकांत गुंतलेल्या तीन पाकळ्यांची गाठ आहे. हीच गाठ त्याआधीच्या डॅनिश नाण्यांवरही येते, त्यामुळे ती वापरून हाराल्ड डेन्मार्कवरचा हक्कच सांगत होता, असं मत काही अभ्यासक मांडतात. दोन राजे, दोन चित्रं, आणि भांडण एकाच गादीचं.

पण खरा फरक चांदीच्या कसात आहे. हाराल्डचं नाणं हिणकस होत गेलं. आइसलंडच्या हाल्डोर स्नोर्रासनची गोष्ट याबाबत प्रसिद्ध आहे. तो कॉन्स्टँटिनोपलपासून हाराल्डबरोबर होता. नाताळाच्या आठव्या दिवशी राजाने पगार वाटला. ती नाणी बहुतांश तांब्याची, फार तर निम्मी चांदी असलेली. हाल्डोरने ती अंगरख्याच्या ओच्यात घेतली, बघितली आणि खालून हात मारून सगळी जमिनीवरच्या पेंढ्यात उडवून दिली. राजाच्या दरबारात हे करायला छाती लागते. या गोष्टीचा तपशील रचलेला असू शकतो, पण हाराल्डच्या नाण्यांत चांदी घटत गेली हे धातूच्या तपासणीतूनही दिसतं. दर उन्हाळ्याला आरमार बाहेर काढायचं तर त्याचा खर्च कुठून तरी यायलाच हवा होता.

कस तपासायला आता क्ष-किरणांची यंत्रं आहेत, नाण्याला धक्का न लावता धातू सांगणारी. फक्त एक लक्षात ठेवा: जमिनीत पडून राहिलेल्या मिश्र चांदीच्या पृष्ठभागातलं तांबं निघून जातं. त्यामुळे वरवरचा आकडा खऱ्यापेक्षा चांगला येतो.

सहावी पायरी: कथांचं वय विचारा

ओंडका, बैलाचं कातडं, म्हाताऱ्या आयनारचा टोमणा हे सगळं आइसलंडमध्ये तेराव्या शतकात लिहिलं गेलं. स्नोर्री स्टुर्लुसनने नॉर्वेच्या राजांचा इतिहास १२३०च्या सुमारास लिहिला, म्हणजे घटनांनंतर जवळपास पावणेदोनशे वर्षांनी आणि नॉर्वेच्या बाजूने. स्वेनच्या बाजूचा साक्षीदार आहे जर्मन धर्मगुरू आडाम ऑफ ब्रेमेन. तो स्वेनला प्रत्यक्ष भेटला होता, राजाच्या तोंडून उत्तरेचा इतिहास ऐकून त्याने १०७५च्या सुमारास लिहून ठेवला. साहजिकच त्याच्या पुस्तकात हाराल्ड क्रूर जुलमी आहे आणि स्वेन विद्वान, फक्त बायकांच्या बाबतीत कमकुवत. नाणं या दोघांपेक्षाही जवळचं आहे. तेही बाजू घेऊनच बोलतं, पण त्याच वर्षांत, त्याच राजाच्या हुकमाने बोलतं.

सातवी पायरी: सूचीतला क्रमांक आणि खोटेपणाची शंका

या काळातल्या डॅनिश नाण्यांचा मूळ आधार म्हणजे पेटर हाउबेर्ग यांची १९००मध्ये निघालेली सूची. ती ११४६पर्यंतच्या नाण्यांची आहे. आजही लिलावाच्या यादीत 'हाउबेर्ग' आणि पुढे आकडा दिसतो. ग्रंथ जुना असल्याने त्यातले चित्रफलक इंटरनेटवर पाहता येतात. आपल्या नाण्याचं चित्र फलकाशी जुळवताना राजाचं नाव, टाकसाळ आणि दोन्ही बाजूंची चित्रं, हे सगळं जुळलं तरच क्रमांक द्या.

यानंतर ठशांची तुलना. दोन नाण्यांवर एखादा ओरखडा किंवा अक्षराचा तोच बाक तंतोतंत त्याच जागी दिसला तर ती एकाच ठशातून निघाली. हे काम चिकाटीचं आहे, पण टाकसाळ किती नाणी पाडत होती याचा अंदाज अशा तुलनेतूनच बांधतात. खोटी नाणीही याच कामात पकडली जातात. एकाच ठशाची दोन खरी नाणी वजनाने, काठाने आणि मध्यापासून सरकलेपणाने वेगळी असणार. काठाचा प्रत्येक खाचखळगाही जर सारखाच असेल तर दोन्ही एका साच्यातून ओतलेली आहेत. भिंगाखाली बारीक बुडबुड्यांचे खड्डे, अक्षरांच्या गोल झालेल्या कडा, काठावरून फिरणारी जोडाची रेघ, ही ओतीव नकलेची लक्षणं.

आठवी पायरी: विकत घेण्याआधी

डेन्मार्कमध्ये जमिनीत सापडलेलं मध्ययुगीन नाणं सापडणाऱ्याचं होत नाही. 'डानेफे' नावाचा हा नियम फार जुना आहे. १२४१च्या जटलंडच्या कायद्यातही नांगरामागे निघालेलं सोनं-चांदी राजाचं, असं म्हटलं आहे. आज ते राष्ट्रीय संग्रहालयाकडे द्यावं लागतं आणि सापडणाऱ्याला मोबदला मिळतो. जमीनमालकाची संमती घेऊन आणि संरक्षित स्मारकं सोडून धातुशोधक यंत्र वापरायला तिथे मुभा आहे. या मोकळीक आणि मोबदल्यामुळेच लोक आपणहून नाणी आणून देतात आणि सापडल्या जागेची नोंद होते. स्वीडनमध्ये, म्हणजे लुंडच्या भोवताली, यंत्रासाठी प्रशासनाचा परवाना लागतो. कोपनहेगनला किंवा माल्मोला राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे वाचून हौसेने यंत्र विकत घेण्याआधी हा फरक समजून घ्यावा.

म्हणून बाजारात रीतसर येणारं असं नाणं जुन्या संग्रहातलंच असायला हवं. विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. हे याआधी कोणाकडे होतं, कोणत्या लिलावात विकलं गेलं, कागद आहेत का, हे विचारा. 'शेतात सापडलं' असं उत्तर आलं तर तिथेच थांबा.

जुन्या संग्रहाचं सर्वांत मोठं उदाहरण ताजं आहे. लोण्याच्या व्यापारात श्रीमंत झालेला डॅनिश संग्राहक लार्स एमिल ब्रून १९२३मध्ये वारला. पहिल्या महायुद्धाचा विध्वंस त्याने पाहिला होता. देशाच्या राष्ट्रीय नाणेसंग्रहावर आपत्ती आली तर आपला संग्रह त्याची जागा घेईल, म्हणून तो शंभर वर्षं राखून ठेवावा, असं त्याने मृत्युपत्रात लिहिलं. सुमारे २०,००० नाणी, पदकं आणि नोटा शंभर वर्षं बंद राहिल्या. मुदत संपल्यावर राष्ट्रीय संग्रहालयाने आपल्या हक्काने आधी सात नाणी विकत घेतली आणि सप्टेंबर २०२४मध्ये कोपनहेगनला पहिला लिलाव झाला. राजा हान्सचं १४९६चं सोन्याचं नाणं त्यात १२ लाख युरोंना गेलं. अशा लिलावांच्या सचित्र याद्या नवख्याने आवर्जून चाळाव्यात, त्या पाहायला पैसे पडत नाहीत आणि नाण्यांची उत्तम छायाचित्रं मिळतात.

भारतात आणलेलं असं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतं, कारण शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. पुन्हा परदेशी घेऊन जायचा विचार असेल तर आणतानाचे सगळे कागद जपून ठेवा.

नववी पायरी: प्रत्यक्ष पाहायचं तर

कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयापासून सुरुवात करा, डॅनिश नाण्यांचा मुख्य संग्रह तिथलाच. तिथून ओरेसुंड पुलावरून रेल्वे थेट लुंडला जाते, तासाभराच्या आत. लुंडला 'कुल्तुरेन' हे संग्रहालय शहराच्या मध्ययुगीन थरांतून निघालेल्या वस्तू दाखवतं. चपला, कंगवे, भांडी बघितली की आपलं नाणं कोणत्या हातांतून फिरत होतं ते उमगतं. तिसरं ठिकाण रोस्किल्डचं कॅथेड्रल. स्वेनच्या अस्थी तिथे गर्भगृहाजवळच्या एका खांबात ठेवलेल्या आहेत. दुसऱ्या खांबातल्या अस्थी त्याच्या आईच्या, एस्त्रिदच्या, अशी शेकडो वर्षांची समजूत होती. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत मात्र ती स्त्री स्वेनची आई नव्हती असं निघालं. ज्या आईच्या नात्यावर स्वेनने राज्य मिळवलं, तिच्याच जागी दुसरी कोणी असावी, याने मला फार चटका लागला.

संग्रहालयात नाण्याचं छायाचित्र घेताना फ्लॅश बंद ठेवा आणि कॅमेरा काचेला शक्य तितका जवळ धरा, म्हणजे प्रतिबिंब पडत नाही. शेजारच्या फलकावरचा नोंदणी क्रमांकही टिपून घ्या. पुढे त्याच नाण्याबद्दल संग्रहालयाला काही विचारायचं झालं, तर ते सर्वांत आधी तोच मागतात.